वापरलेल्या गृहोपयोगी वस्तूंची लिलावातील खरेदी : किंमत, कायदा आणि पाहणी

प्रास्ताविक

मराठी समाजात 'लिलाव' या शब्दाला अप्रतिष्ठेची छटा आहे. जप्ती आली, भांडीकुंडी चारचौघांत मांडली गेली आणि त्यांवर बोली लागली, असे चित्र या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे उभे राहते. 'घरादाराचा लिलाव झाला' हा वाक्प्रयोग आजही सर्वस्व गमावल्याचा अर्थ सांगतो. कदाचित त्यामुळेच वाडा पाडताना, दूरच्या गावी बदली झाल्यावर किंवा वडीलधाऱ्यांच्या पश्चात घर रिकामे करताना घरातील सामान उघड बोलीने विकण्याची रीत महाराष्ट्रात फारशी रुजली नाही. सामान्यतः जुन्या बाजारातील एखाद्या व्यापाऱ्यास बोलावले जाते आणि शिसवी पलंगापासून तांब्याच्या बंबापर्यंत सर्व सामान त्याला उक्ते दिले जाते. या व्यवहारात वस्तूचे खरे मोल एकच पक्ष जाणतो आणि तो पक्ष विक्रेत्याचा नसतो.

इंग्लंडमध्ये याच्या नेमके उलट घडले. तेथील लहानमोठ्या बाजारपेठेच्या गावांत घरगुती सामानाचे लिलाव हा नित्याचा व्यवहार आहे. मृत्यू, कर्ज आणि घटस्फोट या तीन कारणांनी लिलावगृहात सामान येते, असे तेथील व्यावसायिक अर्धवट विनोदाने म्हणतात. सभागृहात कपाटे, टेबले, चिनी मातीची भांडी व घड्याळे मांडलेली असतात. बाहेरच्या आवारात ओतीव लोखंडाचे बाक, जस्तलेपित झाऱ्या, दगडी कुंड्या, फावडी आणि गवत कापण्याची यंत्रे असतात. कंपनी सरकारच्या काळात ही पद्धत भारतात आली. मायदेशी परतणाऱ्या किंवा येथेच मरण पावणाऱ्या इंग्रजांचे सामान छावणीतील व शहरातील लिलावांत विकले जाई. कोलकात्यातील रसेल स्ट्रीटवरची लिलावगृहे ही त्याच परंपरेची उत्तरकालीन रूपे होत. त्यांपैकी रसेल एक्स्चेंजची स्थापना १९४० मध्ये झाली. स्वातंत्र्यानंतर देश सोडून जाणाऱ्या कुटुंबांचे आणि मोडीत निघालेल्या हवेल्यांचे सामान तेथील रविवारच्या लिलावांतून बंगाली मध्यमवर्गाच्या घरांत पोहोचले.

शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज 'लैलांव'पासून आला असून हिंदीतील 'नीलाम'चे मूळही तेच आहे. बाजार समित्यांच्या परिसरात ऐकू येणारा 'हर्रास' हा शब्द अरबीतून आलेला आहे, तर गोव्यात देवस्थानाच्या फळफळावळीची बोली लावण्यास 'पावणी' म्हणतात. अर्थात पावणीचा किंवा गणेशोत्सवातील प्रसादाच्या लिलावाचा हेतू निराळा असतो. तेथे नारळाला बाजारभावाच्या कित्येक पट किंमत देणाऱ्याचा गौरव होतो. घरगुती सामानाच्या लिलावात मात्र तसे करणाऱ्याचे नुकसानच होते.

प्रस्तुत लेखात अशा लिलावातील खरेदीचा विचार अर्थशास्त्र, विधी आणि प्रत्यक्ष व्यवहार या तिन्ही अंगांनी केला आहे. लिलावाचा कायदा बोलीतील स्पर्धेचे आणि मालकीहक्काचे रक्षण बऱ्यापैकी करतो, परंतु वस्तूच्या गुणवत्तेचे रक्षण जवळजवळ करत नाही. ते काम त्याने खरेदीदाराच्या डोळ्यांवर सोपवले आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

किंमत कशी ठरते?

चढत्या बोलीच्या लिलावात विजेता आपल्या मनातील सर्वोच्च किंमत देत नाही. त्याचा शेवटचा प्रतिस्पर्धी जेथे थांबतो त्याहून एक पायरी अधिक एवढीच किंमत त्याला द्यावी लागते. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये या तत्त्वाची शास्त्रीय मांडणी केली आणि पुढे १९९६ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, हातोड्याची किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या इच्छुकावर अवलंबून असते. भर पावसात रिकाम्या सभागृहात सागवानी कपाट कवडीमोलाने जाते आणि तसेच कपाट दोन हट्टी बोलीदार समोरासमोर आले की दुकानातील किमतीच्याही पुढे जाते. कपाटात काहीही फरक पडलेला नसतो.

घरगुती सामानाच्या लिलावात हा दुसरा इच्छुक बहुधा व्यापारी असतो. स्वतःच्या वापरासाठी खरेदी करणाऱ्यास त्याचा लाभच होतो. उदाहरणादाखल, दुकानात २०,००० रुपयांस विकले जाईल असे एक टेबल घेऊ. दुरुस्तीचे ३,०००, वाहतुकीचे १,००० आणि दुकानभाडे व नफ्याचे ६,००० रुपये वजा जाता व्यापाऱ्यास ते सर्व खर्चासह १०,००० रुपयांपर्यंतच परवडते. लिलावगृह खरेदीदाराकडून १० टक्के आकार घेत असेल, तर त्याची बोली ९,००० रुपयांच्या आसपास थांबते. घरासाठी टेबल हवे असणाऱ्याने ९,५०० रुपयांची बोली लावली, तर आकारासह १०,४५० रुपये होतात. व्यापाऱ्याकडे कारागीर हाताशी असतो, सामान्य माणसाकडे नसतो. म्हणून त्याची दुरुस्ती ५,००० रुपयांची धरावी. वाहतुकीसह ते टेबल त्याला १६,४५० रुपयांस पडते. दुकानाच्या तुलनेत ३,५५० रुपये वाचतात, पण हातोडा पडताना वाटलेली १०,५०० रुपयांची बचत खरी नसते, हेही याच हिशेबातून दिसते.

या आकाराकडे नवखे खरेदीदार हमखास दुर्लक्ष करतात. लंडनमधील क्रिस्टीज व सदबीज या दोन मोठ्या लिलावसंस्थांनी १९७५ मध्ये खरेदीदाराकडूनही आकार घेण्यास प्रारंभ केला आणि पुढे ही प्रथा सर्वदूर पसरली. तत्पूर्वी हा भार मुख्यत्वे विक्रेत्यावर असे. करभार आणि माल वेळेत न उचलल्यास लागणारे जागेचे भाडे हे आणखी वेगळे. म्हणून लिलावास जाण्यापूर्वी आपली कमाल बोली या सर्व बाबी वजा करून ठरवणे आणि ती यादीच्या समासात लिहून ठेवणे इष्ट होय. ज्यांना स्वतःच्या संयमाचा भरवसा नाही त्यांनी कमाल रकमेची लेखी बोली लिलावकर्त्याकडे ठेवून घरी जावे. ही सोय बहुतेक व्यवस्थित लिलावगृहांत असते आणि ती जेवढी वापरली जावयास हवी तेवढी वापरली जात नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले की, वस्तूचा दोष विक्रेत्यास ठाऊक आणि खरेदीदारास अज्ञात असेल, तर चांगल्या वस्तूलाही वाईट वस्तूचाच भाव मिळतो आणि चांगल्या वस्तू हळूहळू बाजारातून निघून जातात. लिलावात याला आणखी एक पैलू जोडला जातो. वस्तूच्या खऱ्या अवस्थेविषयी प्रत्येक बोलीदाराचा अंदाज वेगळा असतो आणि सर्वांत आशावादी अंदाज करणारा जिंकतो. कपाटाच्या पाठीमागची कीड ज्याने पाहिली नाही तोच सर्वाधिक बोली लावतो. अमेरिकेतील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करताना १९७१ मध्ये तीन अभियंत्यांनी या घटनेकडे लक्ष वेधले आणि पुढे तिला 'विजेत्याचा शाप' असे नाव पडले. तेलविहिरीला जे लागू पडते ते शिसवी कपाटालाही लागू पडते. मात्र तेलविहिरीचा तळ कोणालाच पाहता येत नाही, कपाट उलटे करून पाहता येते.

हातोड्याचा कायदा

भारतात लिलावाने होणाऱ्या विक्रीचे नियमन माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ ने होते. तत्पूर्वी ही तरतूद भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२२ व १२३ मध्ये होती. १९३० चा अधिनियम इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला असल्याने जुन्या इंग्रजी निवाड्यांचा आधार भारतातही घेतला जातो.

कलम ६४ चे पहिले तत्त्व असे की, प्रत्येक ढीग म्हणजे एक स्वतंत्र विक्री होय. टेबल एका क्रमांकाने आणि त्याच्या जोडीच्या सहा खुर्च्या दुसऱ्या क्रमांकाने निघाल्या आणि टेबल घेतल्यावर खुर्च्या दुसऱ्याकडे गेल्या, तर टेबल परत करता येत नाही. दुसरे तत्त्व सर्वपरिचित आहे. लिलावकर्ता हातोडा आपटून किंवा रूढ असलेल्या अन्य रीतीने, म्हणजे आपल्याकडील 'एकवार, दोनवार, तीनवार' पद्धतीने, विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर करतो तेव्हा करार पुरा होतो. तोपर्यंत बोलीदारास आपली बोली मागे घेता येते.

या तत्त्वाचे मूळ असलेला पेन विरुद्ध केव्ह हा १७८९ चा निवाडा घरगुती खरेदीदारालाही मार्गदर्शक ठरतो. लिलावास काढलेली वस्तू मद्य गाळण्याच्या भट्टीचे नळीसह पिंप ही होती. एका बोलीदाराने ४० पौंडांची बोली लावली. लिलावकर्ता आणखी बोलीच्या अपेक्षेने रेंगाळला, तेव्हा त्या बोलीदाराने नळीच्या धातूच्या वजनाची हमी मागितली. ती न मिळाल्याने हातोडा पडण्यापूर्वीच त्याने बोली मागे घेतली. बोली हा केवळ प्रस्ताव असून तो स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो, असे न्यायालयाने ठरवले. हमी मागण्याची योग्य वेळ कोणती, हे त्या बोलीदाराने ओळखले होते. हातोड्यानंतर तोच प्रश्न विचारला असता, तर त्याला काहीच अर्थ उरला नसता.

लिलावाची जाहिरात मात्र प्रस्ताव नव्हे. १८७३ च्या हॅरिस विरुद्ध निकर्सन या खटल्यात लंडनचा एक दलाल कचेरीचे सामान खरेदी करण्यासाठी बरी सेंट एडमंड्स येथे गेला. जाहिरातीत असलेले ते सामान लिलावातून ऐनवेळी मागे घेण्यात आले. वाया गेलेल्या वेळेची भरपाई त्याने मागितली, पण न्यायालयाने ती नाकारली. जाहिरात ही लिलाव घेण्याच्या इराद्याची घोषणा असते, प्रत्येक वाचकाशी केलेला करार नसतो. एखाद्या बाकासाठी शंभर कोस जाणाऱ्याने आधी चौकशी करावी, एवढाच याचा अर्थ.

हातोडा पडताच मालकीहक्क खरेदीदाराकडे जातो. माल विक्री अधिनियमाच्या कलम २० नुसार पैसे नंतर द्यावयाचे असले तरी त्याने फरक पडत नाही आणि कलम २६ नुसार अन्यथा ठरले नसल्यास मालकीबरोबर जोखीमही जाते. दुपारी घेतलेला आरसा संध्याकाळी टेम्पोत चढवण्यापूर्वी सभागृहातच कोणाच्या धक्क्याने फुटला, तर लिलावगृहाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज नुकसान सामान्यतः नव्या मालकाचे. बोलीच्या घाईत ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात असते.

स्पर्धेचे रक्षण करण्याच्या बाबतीत भारतीय कायदा इंग्रजी कायद्यापेक्षा किंचित पुढे आहे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर करून राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावणे बेकायदेशीर ठरते आणि खरेदीदार त्या विक्रीस कपटपूर्ण मानू शकतो. एवढी तरतूद दोन्ही देशांत आहे. परंतु कलम ६४ च्या शेवटच्या भागात, किंमत वाढवण्यासाठी विक्रेत्याने लटक्या बोलींचा वापर केल्यास विक्री खरेदीदाराच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते, असे स्वतंत्रपणे म्हटले आहे. ही तरतूद १८७२ च्या कायद्यातून आली आहे, इंग्लंडच्या कायद्यातून नव्हे. अर्थात लटकी बोली सिद्ध करणे सोपे नसते. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून आलेली बोली खरी होती की लिलावकर्त्याने ती भिंतीवरून उचलली, हे सांगू शकणारा साक्षीदार क्वचितच सापडतो. मागे वळून पाहण्याची सवय हाच यावरचा साधा उपाय आहे. त्यासाठी अनुभवी खरेदीदार पुढे न बसता मागे किंवा कडेला उभे राहतात.

उलट दिशेचे संगनमतही तितकेच जुने आहे. चार व्यापारी एकमेकांविरुद्ध बोली न लावण्याचे ठरवतात, एकजण स्वस्तात माल उचलतो आणि नंतर ते आपसांत दुसरा, खाजगी लिलाव करून फरक वाटून घेतात. इंग्लंडमध्ये याविरुद्ध १९२७ मध्ये खास कायदा झाला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये संगनमताने केलेल्या बोलीचा समावेश आहे, परंतु एखाद्या कुटुंबाच्या सामानापुरत्या लिलावासाठी कोणी स्पर्धा आयोगाकडे जाईल ही अपेक्षा अवास्तव आहे. विक्रेत्याचे खरे संरक्षण राखीव किमतीत आणि सभागृहात सामान्य खरेदीदार उपस्थित असण्यात आहे. वर दाखवलेल्या हिशेबाप्रमाणे घरासाठी टेबल घेणारी एक व्यक्ती व्यापाऱ्यांचे कडे मोडू शकते, कारण तिला नफा काढावयाचा नसतो.

'जसे आहे तसे'

लिलावाच्या अटींत बहुधा पहिलीच अट असते : माल 'जसा आहे तसा, जेथे आहे तेथे' विकला जाईल. माल विक्री अधिनियमाच्या कलम १६ चे मूळ तत्त्वच खरेदीदाराने स्वतः सावध राहावे हे आहे. वर्णनावरून माल घेतल्यास तो विक्रीयोग्य असावा, असा अपवाद त्यात आहे. परंतु खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषांबाबत हा अपवाद लागू होत नाही. शिवाय कलम ६२ नुसार पक्षकारांच्या कराराने गर्भित अटी वगळता येतात आणि लिलावगृहे त्या वगळतातच.

ग्राहक संरक्षण कायद्याचा आधारही येथे दुबळा आहे. भूखंडांच्या लिलावासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंदीगड प्रशासनाच्या प्रकरणात, आहे त्या स्थितीतील भूखंड पाहूनसवरून लिलावात घेणारी व्यक्ती 'ग्राहक' ठरत नाही, अशी भूमिका घेतली. तो निवाडा स्थावर मालमत्तेचा असला, तरी त्यातील तर्क लक्षणीय आहे. इंग्लंडच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात तर हे स्पष्टच लिहिले आहे. ज्या सार्वजनिक लिलावास व्यक्तिशः उपस्थित राहता येते त्यात वापरलेली वस्तू घेणाऱ्यास मालाच्या गुणवत्तेसंबंधीचे ग्राहकाचे हक्क मिळत नाहीत. दोन्ही ठिकाणचा विचार एकच आहे : तुम्हांला पाहण्याची संधी होती. म्हणून ही संधी म्हणजे नेमके काय, याचा विचार तपशिलाने करणे आवश्यक ठरते.

लाकडी सामान पुढून पाहू नये, मागून व खालून पाहावे. खण पूर्ण बाहेर काढावा. जुन्या हातकामाच्या खणांत फळ्यांच्या कोपऱ्यांवरील खाचा थोड्याफार असमान असतात, यंत्राच्या खाचा एकसारख्या असतात. खणाच्या दर्शनी फळीच्या आतल्या बाजूस बुजवलेली जुनी भोके दिसली, तर मुठी बदलल्या आहेत. वरचा भाग एका कपाटाचा आणि खालचा दुसऱ्याचा, असे जोडकाम फार होते. पाठीच्या फळ्यांचा रंग व रुंदी वर-खाली जुळत नसेल, तर शंका घ्यावी. लाकडाला बारीक भोके असणे हा एकट्याने दोष नव्हे, कारण कीड केव्हाच मेलेली असू शकते. पण कपाट हलवल्यावर भोकांखाली ताजा, फिकट भुसा सांडला, तर कीड जिवंत आहे आणि ती घरातील इतर लाकडालाही लागेल. प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असल्यास फळीच्या कडेला थर दिसतात. नवे पॉलिश ही बहुधा चांगली खूण नसते.

तांब्या-पितळेच्या भांड्यांना एक मोठा आधार आहे : त्यांची किंमत मोडीच्या भावाखाली सहसा जात नाही. त्यामुळे घंगाळ, बंब, पिंप यांच्या खरेदीत फार मोठी फसगत होत नाही, मात्र वजन माहीत असावे. लोहचुंबक जवळ ठेवावा, कारण मुलामा दिलेले लोखंड त्याला चिकटते. बुडाला डाख दिलेला आहे का आणि आतली कल्हई उडाली आहे का, हे पाहावे. स्वयंपाकासाठी भांडे घ्यावयाचे असल्यास कल्हईचा खर्च किमतीत धरावा लागतो. अलीकडे बंब आणि घंगाळे गच्चीवरील बागेत कुंड्या म्हणून मिरवतात. त्या उपयोगासाठी गळके भांडे अधिक योग्य, आणि स्वस्तही.

बागेच्या सामानात ओतीव लोखंडाचा बाक हा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवा. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटते. तुटल्यावर त्याचे जोडकाम साध्या वेल्डिंगने नीट होत नाही. जाड रंगाखाली तडा लपलेला असतो. म्हणून पायांच्या व हातांच्या वळणांवर बोट फिरवून पाहावे आणि बाकावर प्रत्यक्ष बसावे. वेताच्या खुर्च्यांत गाठी मारलेल्या ठिकाणी वेत कोरडा पडून तुटतो. इंजिनावर चालणारे गवत कापण्याचे यंत्र सुरू करून दाखवले जात नसेल, तर त्याची बोली सुट्या भागांच्या किमतीइतकीच असावी. विजेच्या वस्तूंविषयी एकच नियम सांगता येईल. जुना टेबलपंखा किंवा दिवा कितीही देखणा असला, तरी वायरमनने वायर बदलून तपासेपर्यंत ती शोभेची वस्तू समजावी. चिनी मातीची भांडी नखाने वाजवावीत. अखंड भांडे खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. गाद्यागिरद्या मात्र ढेकणांच्या भीतीने न घेतलेल्या बऱ्या.

काही वस्तू कितीही निर्दोष असल्या तरी घेता येत नाहीत. हस्तिदंताचे जडावकाम असलेली पेटी, वाघ-बिबट्याचे कातडे किंवा सांबरशिंगे यांच्या व्यापारास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मनाई आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आणखी एक काळजी घ्यावयाची असते. शिसवी लाकूड आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली येते आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. आजोबांच्या आरामखुर्चीसारखी खुर्ची लिलावात मिळाली, तरी ती न्यू जर्सीस पाठवण्यापूर्वी चौकशी करणे भाग आहे.

जडसंग्रहाचा लिलाव

महाविद्यालयीन अध्यापकाचा लिलावाशी येणारा संबंध बहुधा विक्रेत्याच्या बाजूने येतो. जडसंग्रह नोंदवहीतील निरुपयोगी बाके, कपाटे, पंखे व बागेची अवजारे निर्लेखित करण्यासाठी समिती नेमली जाते आणि तिच्यावर दोन-तीन अध्यापक असतातच. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये अशा विक्रीची चौकट आखून दिली आहे. अंदाजित मूल्य २ लाख रुपयांपेक्षा अधिक असल्यास जाहीर निविदा किंवा सार्वजनिक लिलाव, लिलावाच्या प्रारंभी मालाची स्थिती व अटी पुन्हा जाहीर करणे, यशस्वी बोलीदाराकडून किमान २५ टक्के रक्कम जागेवरच घेणे आणि उरलेली रक्कम मिळाल्यावरच माल देणे, या त्यातील ठळक बाबी होत. राज्य शासनाच्या व अनुदानित संस्थांना त्यांचे त्यांचे नियम लागू असले, तरी ही चौकट अनुकरणीय आहे. संगणक व तत्सम ई-कचरा मात्र २०२२ च्या नियमांनुसार नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्ता यांच्याकडेच द्यावा लागतो. तो बाकांच्या ढिगात मिसळू नये.

व्यवहारात अशा लिलावांची सूचना फलकावर चार दिवस लागते, पाहणीसाठी एक तास मिळतो आणि सर्व माल 'एकूण एक ढीग' म्हणून काढला जातो. परिणामी दोन भंगार व्यापारी येतात आणि वजनावर बोली लावतात. पन्नास वर्षांपूर्वीचे सागवानी टेबल लोखंडी रॅकच्या भावात जाते. पॉल मिलग्रॉम व रॉबर्ट वेबर यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले की, बोलीदारांचे अंदाज परस्परांशी निगडित असतील तेव्हा विक्रेत्याने आपल्याजवळची माहिती खुली करण्याचे धोरण ठेवल्यास त्याला सरासरीने अधिक किंमत मिळते. मिलग्रॉम यांना पुढे २०२० मध्ये रॉबर्ट विल्सन यांच्यासह लिलावशास्त्रासाठी नोबेल मिळाले. दोष लपवल्याने भाव वाढतो ही समजूत त्यामुळे निराधार ठरते. समितीने वस्तू वेगवेगळ्या क्रमांकांनी काढाव्यात, 'एक पाय डळमळीत, खणांना कुलूप नाही' अशी वर्णने यादीत लिहावीत आणि पाहणीस सुटीचा एक पूर्ण दिवस द्यावा. मग परिसरातील शिक्षक, विद्यार्थ्यांचे पालक, लहान दुकानदार हेही बोलीस येतील. समितीतील सदस्याने किंवा त्याच्या नातलगाने बोली लावू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. पण ते सूचनेत लिहावे.

उक्ते सामान देणाऱ्या कुटुंबालाही यातून एक मार्ग दिसतो. गावात लिलावगृह नसले, तरी एकाऐवजी तीन व्यापाऱ्यांना एकाच दिवशी बोलावणे आणि प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत लेखी मागणे शक्य असते. औपचारिक अर्थाने तो लिलाव नव्हे, परंतु दुसरा इच्छुक तेथे निर्माण होतो.

मालकीहक्क आणि चोरकप्पा

गुणवत्तेची हमी नाकारता आली, तरी मालकीची हमी सहज नाकारली जात नाही. कलम १४ नुसार विक्रेत्यास विकण्याचा हक्क आहे, अशी अट करारात गर्भित असते आणि कलम २७ नुसार मालक नसलेल्याकडून घेणाऱ्यास सामान्यतः त्याच्यापेक्षा चांगला हक्क मिळत नाही. चोरीची वस्तू लिलावात आली म्हणून ती शुद्ध होत नाही. खरा मालक ती मागू शकतो आणि खरेदीदाराने पैशांसाठी विक्रेत्याकडे जावयाचे असते. त्यासाठी पावती, तिच्यावरील क्रमांक व वर्णन जपून ठेवणे अगत्याचे आहे.

वस्तूच्या आत काही सापडले तर? जुन्या मेजांना व पेट्यांना चोरकप्पे असत, त्यामुळे हा प्रश्न वाटतो तितका काल्पनिक नाही. १८४१ च्या मेरी विरुद्ध ग्रीन या इंग्रजी खटल्यात एकाने सार्वजनिक लिलावात लिहिण्याचे जुने मेज घेतले. त्यातील चोरकप्प्यात पैशांची थैली निघाली. विक्रीच्या वेळी तिच्याविषयी कोणालाच ठाऊक नव्हते. खरेदीदाराने पैसे स्वतःकडे ठेवले, त्यास अटक झाली आणि त्याने अटकेविरुद्ध दावा लावला. न्यायालयाने भेद केला तो असा : आपण केवळ मेज घेतले आहे हे त्याला ठाऊक असेल, किंवा त्याहून अधिक काही घेतले असे मानण्यास कारण नसेल, तर पैसे उचलणे ही चोरी होय. मेज आतील वस्तूंसह विकले गेले असे मानण्यास वाजवी आधार असेल, तर ती चोरी नव्हे. लिलावकर्ता त्या वेळी नेमके काय बोलला, याविषयी साक्षीदारांत एकमत नव्हते आणि खटल्याची फेरसुनावणी घ्यावी लागली. भारतात आज असा प्रसंग उद्भवल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३१४, म्हणजे अप्रामाणिकपणे मालमत्तेचा अपहार, विचारात घेतले जाईल. ज्या घरातून मेज आले त्या घराचा पत्ता लिलावगृहाच्या नोंदवहीत असतो आणि थैली तेथे पोहोचवता येते.